धूर आणि अग्नी : संगणकीय जाहिराती व खोट्या टिचक्यांचा प्रश्न



ज्या गुरुवर्यांच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांच्या हाताखाली शिकलेली बरीच मंडळी आज येथे उपस्थित आहेत. शब्दाचा अर्थ नेमका कळल्यावाचून पुढच्या ओळीकडे जायचे नाही, ही त्यांची शिस्त तुम्हां सर्वांच्या स्मरणात असेल. त्याच शिस्तीने आजच्या विषयाकडे पाहावे, असा माझा प्रयत्न आहे.

विषय ऐकून काहींना नवल वाटले असेल. मराठी साहित्य शिकविण्यात ज्याची हयात गेली, त्याने संतवाङ्मय सोडून संगणकाच्या पडद्यावरील जाहिरातींविषयी का बोलावे? माझे उत्तर साधे आहे. हा विषय वरवर पाहता व्यापाराचा आणि यंत्राचा असला, तरी मुळात तो खूण आणि अर्थ यांच्या नात्याचा आहे. आणि हे नाते म्हणजे तर भाषेच्या अध्यापकाचे नित्याचे क्षेत्र. शिवाय तुमच्यापैकी अनेकजण लहानमोठे व्यवसाय करता, शिकवणीवर्ग चालविता, दवाखाने चालविता आणि अशा जाहिरातींवर दरमहा पदरचे पैसे खर्च करता. त्या पैशाचे पुढे काय होते, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

१. जाहिरात : शब्दापासून आरंभ

‘जाहिरात’ हा शब्द आपल्याकडे अरबी-फारसीच्या वाटेने आला. ‘जाहीर’ म्हणजे उघड, प्रकट, सर्वांना दिसेल असे. आपण बडोदेकर गुजराती रोज ऐकतो. त्या भाषेत ‘जाहेरात’ या शब्दाने अजूनही घोषणा आणि व्यापारी जाहिरात या दोन्हींचा बोध होतो. मराठीत तो शब्द पुढे विक्रीच्या आवाहनापुरता आकुंचित झाला. तथापि जाहीर सभा, जाहीरनामा, जाहीर आभार यांतून मूळ अर्थ टिकून आहे. जे चारचौघांत, सर्वांना सारखेच सांगितले जाते, ते जाहीर.

वर्तमानपत्रातील जाहिरात या अर्थाने खरोखरच जाहीर होती. दांडिया बाजारातील वाचकाला जी दिसे, तीच मांडवीतल्या वाचकाला दिसे. संगणकावरील जाहिरातीचे तसे नाही. एकाच वेळी एकच पान उघडलेल्या दोन माणसांना दोन वेगवेगळ्या जाहिराती दिसतात. ती चारचौघांत दिलेली हाक नसून एकेकाच्या कानात केलेली कुजबूज आहे. नाव जुनेच राहिले, पण वस्तू बदलली. ही गोष्ट ध्यानात ठेवली म्हणजे पुढचे सारे समजणे सोपे जाते.

दुसरा शब्द ‘टिचकी’. पडद्यावरील एखाद्या जागी बाण नेऊन कळ दाबणे, किंवा हल्लीच्या फोनवर बोट टेकविणे, यास इंग्रजीत क्लिक म्हणतात. संगणकावर मराठी लिहिणाऱ्यांनी त्यासाठी ‘टिचकी मारणे’ हा प्रयोग रूढ केला. मला तो आवडतो. टिचकी ही अगदी हलकी, क्षणात होऊन जाणारी क्रिया आहे. एवढ्या हलक्या क्रियेवर केवढा मोठा व्यवहार उभा राहिला, हेच आजचे आश्चर्य आहे.

२. प्रसंगोचित जाहिरात

२७ ऑक्टोबर १९९४ रोजी अमेरिकेतील ‘हॉटवायर्ड’ या संकेतस्थळावर आडव्या पट्टीच्या जाहिराती प्रथम झळकल्या. त्यांतील एटी अँड टी या दूरध्वनी कंपनीची पट्टी विशेष प्रसिद्ध आहे. ती पाहणाऱ्या शंभरांतील चव्वेचाळीस जणांनी तिच्यावर टिचकी मारली, असे सांगितले जाते. अर्थात तो नवलाईचा भर होता. पुढे अशा पट्ट्या जिकडेतिकडे दिसू लागल्या आणि लोक त्यांच्याकडे काणाडोळा करू लागले.

मग विचार पुढे आला तो औचित्याचा. क्षेमेंद्राने काव्यासंबंधी जे सांगितले, तेच येथे व्यापारी बुद्धीने शोधून काढले : योग्य स्थळी, योग्य वेळी, योग्य व्यक्तीला म्हटलेली गोष्टच परिणाम करते. शोधयंत्रात एखादा मनुष्य ‘गुडघेदुखी’ असे लिहितो, तेव्हा त्याची त्या क्षणीची गरज त्याने स्वतःच उघड केलेली असते. त्याच्यासमोर अस्थितज्ज्ञाच्या दवाखान्याची जाहिरात आली, तर ती त्याला उपद्रव न वाटता साहाय्य वाटण्याचा संभव असतो.

हा विचार व्यवहारात आणण्याचे श्रेय प्रामुख्याने कॅलिफोर्नियातील बिल ग्रॉस यांच्या ‘गोटू डॉट कॉम’ या १९९८ मध्ये सुरू झालेल्या शोधयंत्राकडे जाते. एखाद्या शब्दाखाली आपले नाव वर यावे म्हणून व्यापाऱ्यांनी बोली लावावी, आणि पैसे मात्र कोणी टिचकी मारली तरच द्यावेत, अशी ती योजना होती. ही संस्था पुढे ‘ओव्हर्चर’ या नावाने ओळखली जाऊ लागली आणि २००३ मध्ये याहूने ती विकत घेतली. गूगलने आपली ‘ॲडवर्ड्‌स’ योजना ऑक्टोबर २००० मध्ये आणली. २००२ मध्ये तिला टिचकीगणिक मोबदल्याचे रूप दिले. आणि २००३ पासून ‘ॲडसेन्स’ या योजनेद्वारे इतरांच्या संकेतस्थळांवरही जाहिराती लावण्यास प्रारंभ केला. त्या पानावरील मजकूर यंत्राने वाचावा, त्याचा विषय ओळखावा आणि त्यास अनुरूप जाहिरात तेथे लावावी, अशी ही व्यवस्था. जागा देणाऱ्या लेखकास उत्पन्नाचा वाटा मिळे. मजकुराशेजारच्या जाहिरातींसाठी तो ६८ टक्के असल्याचे गूगलने २०१० मध्ये प्रसिद्ध केले.

यंत्राने मजकूर वाचणे ही गोष्ट बोलण्याइतकी सोपी नाही. ‘कर’ म्हणजे हात, ‘कर’ म्हणजे सरकारी सारा आणि ‘कर’ म्हणजे आज्ञा. ‘वर’ म्हणजे नवरदेव, ‘वर’ म्हणजे देवाने दिलेले दान आणि ‘वर’ म्हणजे माळ्यावर. प्रसंग पाहून माणूस सहज अर्थ लावतो. यंत्राला तो शिकवावा लागतो. ‘ॲडसेन्स’मध्ये हिंदीचा समावेश डिसेंबर २०१४ मध्ये झाला, मराठीचा त्यानंतर झाला. म्हणजे मराठीत लिहिणाऱ्याला या मार्गाने चार पैसे मिळण्याची वाट इंग्रजीच्या मानाने बऱ्याच उशिरा खुली झाली.

३. टिचकीचा लिलाव

आता हा लिलाव कसा चालतो, ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा, रावपुऱ्यात चष्म्यांची दोन दुकाने आहेत आणि ‘बडोद्यात चष्मा’ असे शोधणाऱ्यांना आपली जाहिरात आधी दिसावी, अशी दोघांचीही इच्छा आहे. पहिला दुकानदार दर टिचकीस १० रुपये द्यावयास तयार आहे, दुसरा ६ रुपये. पहिल्याची जाहिरात शंभर जणांना दाखविली तर दोघेजण टिचकी मारतात. दुसऱ्याची दाखविली तर पाचजण मारतात.

वरचे स्थान कोणाला द्यावे? केवळ बोली पाहिली तर पहिल्याला. परंतु हजार वेळा जाहिरात दाखविल्यास पहिल्याकडून २० टिचक्यांचे २०० रुपये येतील आणि दुसऱ्याकडून ५० टिचक्यांचे ३०० रुपये. म्हणून बोली आणि टिचक्यांचे प्रमाण यांचा गुणाकार करून क्रम ठरविला जातो. पहिल्याचा गुणाकार २०, दुसऱ्याचा ३०; वरचे स्थान दुसऱ्याला. त्यातही त्याला पूर्ण ६ रुपये द्यावे लागत नाहीत. पहिल्याच्या २० या अंकाच्या वर राहण्यास त्याला टिचकीमागे ४ रुपयांहून किंचित अधिक पुरतात. तेवढेच घेतले जातात. आपल्या खालच्याच्या बोलीवरून आपली किंमत ठरावी, या कल्पनेचे शास्त्रीय विवेचन अर्थशास्त्रज्ञ विल्यम व्हिक्री यांनी १९६१ मध्ये केले होते. १९९६ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. प्रत्यक्षातील हिशेबात पुढे आणखी अनेक घटकांची भर पडली असली, तरी मूळ सूत्र हे असे आहे.

या सूत्राचे सौंदर्य नाकारता येत नाही. ज्याची जाहिरात लोकांना उपयुक्त वाटते, त्याला ती स्वस्त पडते. म्हणजे ग्राहकाची सोय, व्यापाऱ्याचा लाभ आणि मध्यस्थाचे उत्पन्न ही तिन्ही एका रेषेत येतात. मात्र ही सारी इमारत एका गृहीतावर उभी आहे. ते गृहीत असे की, टिचकी म्हणजे मनातील इच्छा.

४. धूमाचे अनुमान

आपल्या न्यायशास्त्रात अनुमानाचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. पर्वतावर धूर दिसतो, त्यावरून तेथे अग्नी आहे असे आपण म्हणतो. जेथे जेथे धूर तेथे तेथे अग्नी, हे आपण स्वयंपाकघरात नित्य पाहिलेले असते. आणि पाण्याच्या डोहात अग्नी नसतो तसा धूरही नसतो. या अव्यभिचारी साहचर्याला व्याप्ती म्हणतात. मात्र नैयायिक सावधही करतात : पहाटेचे धुके पाहून त्यालाच कोणी धूर समजला, तर अनुमान फसते.

टिचकी हा धूर आहे आणि ग्राहकाची आस्था हा अग्नी. व्यापाऱ्याला हवा असतो अग्नी. पण तो मनात असल्यामुळे मोजता येत नाही. म्हणून धूर मोजतात आणि धुराचे पैसे देतात. नैयायिकांच्या पर्वतावर हे चालून जाते, कारण धूर काढून दाखविल्याबद्दल तेथे कोणाला मोबदला मिळत नाही. ज्या दिवशी धुरालाच दाम मिळू लागतो, त्या दिवसापासून अग्नीवाचून धूर करण्याचा धंदा सुरू होतो. आज मला सांगावयाचे आहे ते एवढेच : खुणेला किंमत आली की खोट्या खुणा निपजू लागतात आणि ज्या व्याप्तीवर आपण विसंबलो होतो, ती व्याप्तीच तुटते.

हे केवळ संगणकाच्या बाबतीत खरे आहे, असे नाही. परीक्षेतील गुण ही ज्ञानाची खूण. गुणांना भाव आला आणि नकला सुरू झाल्या. वर्तमानपत्राचा खप ही वाचकांची खूण. खपावर जाहिरातीचे दर ठरू लागले आणि अंक छापून परस्पर रद्दीत घातल्याच्या तक्रारी ऐकू येऊ लागल्या. म्हणूनच खप तपासणारी ‘ऑडिट ब्यूरो ऑफ सर्क्युलेशन्स’ ही संस्था आपल्या देशात १९४८ मध्ये स्थापन झाली. तेथे छापखान्याची वही, कागदाचा साठा, विक्रेत्यांचे हिशेब तपासता येत. टिचकी मात्र कागद मागे ठेवीत नाही.

५. खोटा धूर कोण करतो?

खोट्या टिचक्यांचे प्रकार अनेक असले, तरी त्यांमागील हेतू मुख्यतः दोन आहेत : दुसऱ्याचे नुकसान आणि स्वतःची कमाई.

पहिला प्रकार प्रतिस्पर्ध्याचा. आपल्या दोन चष्मेवाल्यांकडे पुन्हा वळू. दुसऱ्या दुकानदाराने दिवसाची मर्यादा २०० रुपये ठेवली आहे. म्हणजे सुमारे ५० टिचक्या. कोणी हितशत्रूने सकाळी दुकान उघडण्यापूर्वीच त्या ५० टिचक्या मारल्या, आणि त्या खोट्या असल्याचे कोणाच्या ध्यानात आले नाही, तर त्याचे पैसे संपतात, जाहिरात दिवसभर नाहीशी होते आणि पहिल्याला वरचे स्थान आयते मिळते. हानी नुसत्या २०० रुपयांची होत नाही. त्या दिवशी येऊ शकणाऱ्या गिऱ्हाइकांचीही होते.

दुसरा प्रकार जागा देणाऱ्याचा. संकेतस्थळाच्या मालकाला टिचकीगणिक वाटा मिळत असल्याने तो स्वतःच आपल्या पानावरील जाहिरातींवर टिचक्या मारतो किंवा माणसे लावून मारवून घेतो. २००४ मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’ने भारतातील अशा भाडोत्री टिचकीदारांविषयीचे वृत्त प्रसिद्ध केले होते. घरबसल्या जाहिरातींवर टिचक्या मारून गृहिणी आणि पदवीधर पैसे मिळवीत असल्याचे त्यात म्हटले होते. त्या माणसांना दोष देताना जपून बोलावे, असे मला वाटते. काम साधे, वेळ मोकळा, आणि ज्याचे पैसे बुडतात तो सातासमुद्रापलीकडे, डोळ्यांआड. फसवणूक म्हणून ती त्यांच्या ध्यानात तरी आली असेल का?

तिसरा प्रकार यंत्रांचा. माणसाचा हात थकतो, यंत्राचा थकत नाही. २००६ मध्ये ‘क्लिकबॉट-ए’ नावाच्या कार्यक्रमाने एक लाखाहून अधिक संगणकांत शिरकाव करून मालकांच्या नकळत टिचक्या मारल्या. प्रत्येक संगणकाकडून त्या थोड्याथोड्याच मारल्या जात, म्हणजे संशय येऊ नये. नोव्हेंबर २०११ मध्ये अमेरिकेच्या एफबीआय या तपाससंस्थेने एस्टोनियातील एका टोळीविरुद्धची कारवाई उघड केली. शंभराहून अधिक देशांतील सुमारे ४० लाख संगणकांची पत्ते शोधण्याची व्यवस्थाच या टोळीने बदलली होती. वापरणारा एका दुव्यावर टिचकी मारी आणि पोहोचे भलतीकडेच. त्यातून किमान १ कोटी ४० लाख डॉलरची कमाई झाल्याचे तपाससंस्थेने सांगितले.

याहून पुढचा टप्पा ‘मेथबॉट’ या नावाने ओळखला जातो. २०१४ ते २०१६ या काळात एका रशियन टोळीने अमेरिकेत डॅलस येथे व अन्यत्र १९०० हून अधिक संगणक भाड्याने घेतले. नामांकित संकेतस्थळांची ५००० हून अधिक नावे खोटेपणाने वापरून त्यांनी बनावट पाने रचली आणि त्यांवर जाहिराती ‘पाहण्यास’ हे संगणक बसविले. बाण हालविणे, चित्रफीत मध्येच थांबविणे, अशा माणसाच्या बारीकसारीक लकबी त्यांना शिकविल्या होत्या. ७० लाख डॉलरहून अधिक रक्कम अशी उकळली गेली. सूत्रधार अलेक्झांडर झुकोव्ह यास न्यूयॉर्क येथील न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये दहा वर्षांची शिक्षा दिली. संकेतस्थळ खोटे, प्रेक्षक खोटा, खरा होता तो केवळ जाहिरातदाराचा पैसा. पर्वतही बनावट आणि धूरही बनावट!

६. पहारेकऱ्याची अडचण

हा धोका मध्यस्थ कंपन्यांना ठाऊक नव्हता, असे नाही. गूगलचे तत्कालीन मुख्य वित्त अधिकारी जॉर्ज रेयेस यांनी डिसेंबर २००४ मध्येच गुंतवणूकदारांसमोर बोलताना, यावर त्वरेने काही केले नाही तर आपल्या व्यवसायपद्धतीलाच धोका आहे, असा इशारा दिला होता. २००५ मध्ये अर्कान्सॉ राज्यातील भेटवस्तूंच्या एका दुकानाने जाहिरातदारांच्या वतीने गूगल व इतर कंपन्यांविरुद्ध दावा लावला. गूगलने तो २००६ मध्ये ९ कोटी डॉलरपर्यंतची तडजोड करून मिटविला.

त्या दाव्याच्या निमित्ताने न्यूयॉर्क विद्यापीठातील प्राध्यापक अलेक्झांडर तुझिलिन यांनी सादर केलेला अहवाल विचारणीय आहे. खोट्या टिचक्या गाळण्याचे गूगलचे प्रयत्न वाजवी आहेत, असा निर्वाळा त्यांनी दिला. पण त्याबरोबरच एक मूलभूत पेच दाखविला. अनेक टिचक्यांच्या बाबतीत ती मारणाऱ्याचा हेतू कोणत्याही उपायाने निश्चित कळू शकत नाही. आणि खोटी टिचकी कशी ओळखावी याचे नेमके नियम जाहीर केले, तर लबाड लोक तेच नियम वाचून त्यांतून निसटतील. जाहीर केले नाहीत, तर ज्याचे पैसे कापले गेले त्या व्यापाऱ्याने कशावर विश्वास ठेवावा? हा पेच अजूनही पुरता सुटलेला नाही.

गाळण्याची पद्धत स्थूलमानाने अशी असते. एकाच ठिकाणाहून थोड्या वेळात अनेक टिचक्या येणे, टिचक्यांत यंत्रासारखी नियमित लय असणे, टिचकी मारून पुढचे पान क्षणभरही न पाहणे, अशी लक्षणे दिसली की त्या टिचक्या हिशेबातून वगळल्या जातात किंवा मागाहून पैसे परत केले जातात. मात्र एखाद्या वसतिगृहातील पन्नास मुले एकाच जोडणीवरून येत असली, तर ती खरी असूनही एकच संशयित भासू शकतात. म्हणजे धुक्याला धूर समजण्याची चूक जशी होते, तशी धुराला धुके समजण्याचीही होते.

दुसरी अडचण हितसंबंधांची. प्रत्येक टिचकीवर मध्यस्थाला वाटा मिळतो. तीच टिचकी खोटी ठरविण्याचे कामही त्याच्याचकडे असते. कापड मोजणारा गज विकणाऱ्याच्याच हाती असावा, तसे हे आहे. विश्वास गेला तर सारा बाजार उठेल, हे मध्यस्थ जाणतो. त्यामुळे तो प्रामाणिकपणे मोजण्याचा यत्नही करतो. तरीही परक्याने तपासलेला हिशेब तो वेगळा. या दिशेने काही पावले पडली आहेत. २०१७ मध्ये ‘आयएबी टेक लॅब’ या संस्थेने सुचविल्याप्रमाणे, आपल्या जागेवरील जाहिराती विकण्याचा अधिकार कोणाकोणाला आहे याची साधी यादी संकेतस्थळे आपल्याच दारावर लावू लागली. दुसऱ्याचे नाव सांगून जागा विकणाऱ्या तोतयांना त्यामुळे काहीसा आळा बसला.

तिसरी अडचण मला सर्वांत गंभीर वाटते. टिचकी खऱ्या माणसाची आहे, याची खात्री करून घेण्यासाठी त्या माणसावर अधिकाधिक नजर ठेवावी लागते : तो कोठून आला, बोट कसे फिरवितो, आधी काय पाहिले, नंतर काय घेतले. धूर खरा आहे का, हे पाहण्यासाठी पहारेकरी थेट स्वयंपाकघरात येऊन बसतो. चोरांच्या पापाचे प्रायश्चित्त असे सामान्य वाचकाला आपल्या खासगीपणाच्या रूपाने भरावे लागते.

७. कुंभाराचे गाढव

येथवर खोट्या टिचकीचा विचार झाला. परंतु खरी टिचकीदेखील सदैव खरे सांगते काय? न्यायशास्त्रात ‘अन्यथासिद्ध’ अशी एक संज्ञा आहे. कुंभार माती आणण्यास गाढव वापरतो. घट तयार होताना ते गाढव शेजारी उभे असते; म्हणून गाढव हे घटाचे कारण, असे कोणी म्हणत नाही. त्याच्यावाचूनही घट झाला असता.

‘ईबे’ या अमेरिकी विक्री-संकेतस्थळाने २०१२ मध्ये एक प्रयोग केला. शोधयंत्रात कोणी ‘ईबे’ असे नाव लिहिले की वर त्यांचीच जाहिरात येत असे आणि लोक तिच्यावर टिचकी मारीत. प्रत्येक टिचकीचे पैसे कंपनी भरी. ती जाहिरात काही ठिकाणी बंद करून पाहिली, तेव्हा जवळजवळ ती सर्व माणसे खालच्या विनामूल्य दुव्यावरून बिनबोभाट आली. ब्लेक, नॉस्को आणि टॅडेलिस या संशोधकांनी हा प्रयोग २०१५ मध्ये ‘इकॉनोमेट्रिका’ या नियतकालिकात मांडला. ज्यांना ती पेढी फारशी परिचित नव्हती, त्यांच्यावर मात्र जाहिरातीचा उपयोग दिसून आला. म्हणजे जो येणारच होता, त्याच्या टिचकीचे पैसे देणे हे गाढवाला घटाचे श्रेय देण्यासारखे होते. जो नकळता होता त्याला कळविणे, एवढेच जाहिरातीचे खरे कार्य.

प्रॉक्टर अँड गॅम्बल या बलाढ्य कंपनीने २०१७ मध्ये एका तिमाहीत संगणकीय जाहिरातींवरील खर्च १० कोटी डॉलरहून अधिक कमी केला आणि विक्रीवर त्याचा फारसा परिणाम झाला नसल्याचे सांगितले. एवढी रक्कम कशावर जात होती, याचा विचार ज्याने त्याने करावा.

८. आपल्यापुरते काही

अर्थशास्त्राचा एक युक्तिवाद असा आहे की, खोट्या टिचक्यांचा प्रश्न आपोआप सुटतो; शंभरांत वीस टिचक्या खोट्या असतील तर व्यापारी आपली बोली १० रुपयांवरून ८ वर आणील आणि हिशेब जुळेल. कागदावर हे ठीक दिसते. परंतु खोट्याचे प्रमाण किती, हे कळण्यासाठी जी साधने लागतात, ती मोठ्या पेढीजवळ असतात; रावपुऱ्यातील चष्मेवाल्याजवळ नसतात. आणि लबाडी सर्वांवर सारखी वाटली जात नाही. ज्याचा पहारा कमी, त्याच्यावर ती अधिक पडते.

म्हणून या सभेतील व्यावसायिकांना काही गोष्टी सुचवितो. टिचक्या मोजण्यापेक्षा दुकानात आलेली माणसे आणि फाटलेल्या पावत्या मोजाव्यात. गिऱ्हाईक कसे आले, हे त्यालाच विचारावे. बडोद्यापुरता धंदा असेल, तर जाहिरातही बडोदे व आसपासच्या परिसरापुरतीच ठेवावी. टिचक्या एकाएकी वाढल्या आणि विक्री तेवढीच राहिली, तर दिवस व वेळ टिपून कंपनीकडे लेखी तक्रार करावी. अशा तपासाची सोय असते. आणि वर्षातून पंधरा दिवस जाहिरात बंद ठेवून काय फरक पडतो, हे पाहावे. ईबेने केले ते लहान प्रमाणावर कोणालाही करता येते. मात्र सणासुदीचे दिवस त्यासाठी निवडू नयेत.

मराठी संकेतस्थळे चालविणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना एक वेगळे सांगणे आहे. ‘आमच्या पानावरील जाहिरातींवर टिचकी मारून आम्हांस साहाय्य करा’, असे आवाहन प्रेमापोटी केले जाते आणि स्नेहीमंडळी प्रेमापोटीच त्याप्रमाणे करतात. त्यात कोणाला काही गैर वाटत नाही. परंतु जाहिरात देणारा जो कोणी अनोळखी दुकानदार, त्याच्या खिशातून हे पैसे जातात; आपल्या औदार्याचे देणे तो भरतो. असे आवाहन नियमबाह्य असून त्यापायी खाते कायमचे बंद होऊ शकते. एखाद्या द्वेष्ट्याने आपल्या पानावर मुद्दाम टिचक्यांचा वर्षाव केला, तरी हाच प्रसंग ओढवू शकतो. म्हणून रोजच्या आकड्यांकडे लक्ष असावे आणि काही विपरीत दिसताच आपण होऊन कळवावे. मराठीत लिहिणाऱ्याला साहाय्य करावयाचे असेल, तर वर्गणी द्यावी, पुस्तक विकत घ्यावे. ते साहाय्य उघड असते. ‘जाहीर’ या शब्दाच्या मूळ अर्थाने उघड.

एक विचार मांडून हे विवेचन पुरे करतो. प्रत्येक समाज खुणांवर चालतो. नाणे, शिक्का, सही, प्रमाणपत्र, शब्द या साऱ्या खुणाच होत. त्यांमागे अग्नी आहे, या विश्वासावर आपण व्यवहार करतो. एकेक खोटी टिचकी क्षुल्लक असते, तिची किंमत दोनचार रुपये. पण ती कोणा एकाला फसवून थांबत नाही, पुढच्या प्रत्येक खऱ्या टिचकीला संशयित करून जाते. खरे गिऱ्हाईक, खरा वाचक, खरा लेखक या सर्वांना मग आपण खरे आहोत, हे सिद्ध करीत बसावे लागते. यंत्रे खोटा धूर ओळखावयास शिकतील, आणि खोटा धूर करणारी यंत्रेही त्यांच्यामागोमाग शिकतील. ही शर्यत चालूच राहील. आपल्या हाती आहे ते इतकेच की, ज्याच्यामागे अग्नी नाही असा धूर आपल्या चुलीतून निघू नये. शब्दाचा नेमका अर्थ विचारणाऱ्या गुरुवर्यांच्या विद्यार्थ्यांना ही अपेक्षा जड वाटणार नाही, असा मला विश्वास आहे.